पडून असलेली झोपडी सुट्टीवर येणाऱ्यांना भाड्याने द्यावी का?

रानवाट

आजोबांनी बांधलेली दोन खोल्यांची झोपडी गावाच्या कडेला आहे. मातीच्या भिंती, गवताचं छप्पर. आजी गेल्यापासून तिथे कुणी राहत नाही आणि आम्ही भावंडं लांब असतो. माझं मत असं की ती सुट्टीसाठी येणाऱ्यांना भाड्याने द्यावी. बंद घर ओल धरतं, वाळवी लागते, एखादी गळती महिनोन्महिने कुणाला कळत नाही. माणसं येत-जात राहिली तर दारं-खिडक्या उघडतील आणि शाकारणीचा खर्च तरी निघेल. मोठ्या भावाचं म्हणणं अगदी उलट. द्यायचीच तर गावात कायम राहू इच्छिणाऱ्या कुणाला तरी द्या, पर्यटकांना नको. ज्यांनी हे केलंय, किंवा ज्यांच्या शेजारी हे झालंय, त्यांनी लिहावं.

बांधावरची

मी तुमच्या भावाच्या बाजूची. गावात राहते, म्हणून सांगते. दोन रात्रींच्या पाहुण्यांकडून महिन्याच्या भाड्याच्या जवळपास पैसे मिळू लागले की मालक कायमचा भाडेकरू ठेवेनासा होतो. मग नवीन लग्न झालेलं जोडपं, शाळेत बदलून आलेली शिक्षिका, दवाखान्यातली नर्स यांना गावात खोली मिळत नाही. ती माणसं दुसरीकडे राहायला जातात. त्यांची मुलं गावच्या शाळेत येत नाहीत, आणि पट घसरला की शाळेवरच गदा येते.

स्वित्झर्लंडमध्ये 2012 साली लोकांनी मतदान करून ठरवलं की कुठल्याही गावात सुट्टीपुरत्या घरांचं प्रमाण 20 टक्क्यांच्या वर जाता कामा नये. तिथे पर्यटनावर पोट असलेली डोंगरी गावं कितीतरी आहेत, तरीही असा निर्णय झाला. बहुमत अगदी निसटतं होतं हेही खरं. पण वर्षातून चार आठवडे दिवे लागणारी घरं म्हणजे गाव नव्हे, ही भावना त्यामागे होती आणि मला ती पूर्ण पटते.

ओसरी

बांधावरची ताई, तुमची काळजी समजते, पण रानवाट यांच्या झोपडीत गेली काही वर्षं कुणीच राहत नाहीये. तिथून कुणाला बाहेर काढलं जाणार नाही. राहत्या भाडेकरूला उठवून पर्यटक आणणं मलाही चुकीचं वाटतं. बंद पडलेलं घर उघडणं ही वेगळी गोष्ट आहे. इटलीत 1976 च्या भूकंपानंतर ओस पडलेल्या डोंगरी वस्त्यांचं काय करायचं, या प्रश्नातून ‘विखुरलेलं हॉटेल’ ही कल्पना पुढे आली. नवीन इमारत न बांधता गावातली रिकामी घरं पाहुण्यांच्या खोल्या होतात, आणि स्वागत-जेवणाची सोय गावातच एका ठिकाणी असते. तिथले पर्यटनतज्ज्ञ जानकार्लो दाल्लारा यांनी ती रुजवली. तिथे मोडकळीला आलेली घरं उभी राहिली ती अशीच.

मी स्वतः लहानसं घर असंच चालवते. रानवाट, पैशांबद्दल मात्र सावध राहा. बाहेरून दिसतो तेवढा फायदा नसतो. कमाई सुट्ट्यांच्या मोजक्या आठवड्यांत एकवटते, बाकी वर्ष थंड. एका रात्रीसाठी आलेल्या पाहुण्यामागे जेवढी झाडलोट, तेवढीच पाच रात्रींच्या पाहुण्यामागे, म्हणून किमान दोन रात्रींची अट ठेवाच. प्रत्येक पलंगाला चादरींचे तीन संच लागतात: एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. आणि तुम्ही लांब राहता, तर गावातलं एक भरवशाचं माणूस लागेल. किल्ली देणारं, पंप बंद पडला तर धावून जाणारं. त्या माणसाला नीट मोबदला द्या. हे काम ‘जरा बघून घे गं’ म्हणून शेजारणीच्या गळ्यात बांधतात, ते मला अजिबात आवडत नाही.

गवंडी

द्यावी की नको यावर मी बोलणार नाही. झोपडीच्या बाजूने बोलतो, कारण या सगळ्यात तिलाच कुणी विचारत नाही.

गवताचं छप्पर टिकायचं ते धुरामुळे. आत रोज चूल पेटायची, धूर गवतातून झिरपत बाहेर जायचा. त्याने गवत कोरडं राहायचं, वाशांवर काजळी बसायची, कीड लांब राहायची. आता पाहुणा येणार तो डोळे चुरचुरणारा धूर सोसायला येणार नाही. चूल गेली की छपराचं औषधच गेलं. मग आढ्याखाली दोन्ही बाजूंना हवा खेळायला झरोके हवेत, छपराचा उतार चांगला तीव्र, 45 अंशांच्या आसपास हवा, म्हणजे पाणी मुरायच्या आत निथळतं. आणि दर पावसाळ्याआधी कुणीतरी वर चढून बघायला हवं.

दुसरं, सिमेंट. पाहुण्यांना भिंत खडबडीत दिसते म्हणून मालक तिच्यावर सिमेंटचा गिलावा मारतात. जमिनीतून चढलेली ओल मातीची भिंत बाहेर सोडत असते. सिमेंट ती वाट बंद करतं. भिंत आतल्या आत भिजते, पायथ्याशी मऊ पडते आणि वरून गुळगुळीत असल्याने कुणाला पत्ता लागत नाही. मी अशा भिंतीत बोट घातलंय, ते सरळ आत गेलं. मातीचा किंवा चुन्याचाच गिलावा करा. न्हाणीघर झोपडीच्या आत आणू नका. बाहेर वेगळ्या जोत्यावर बांधा.

तिसरं आगीचं. गवतात उंदीर असतात आणि ते वायरी कुरतडतात, म्हणून सगळं वायरिंग पाइपमधून घ्या आणि दिवे छपरापासून लांब ठेवा. थंडीत पाहुणे कोळशाची शेगडी आत घेऊन दार लावून झोपतात. कोळशाच्या धगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, झोपलेला माणूस झोपेतच जातो. ‘शेगडी आत नेऊ नये’ एवढी पाटी लावून भागणार नाही. शेगडीच ठेवू नका. जाड रजया द्या. आत इंधनावर चालणारं काहीही असेल तर या वायूचा इशारा देणारं यंत्र बसवा.

बांधावरची

गवंडी, तुम्ही माझंच म्हणणं पुढे नेलंत. हे सगळं करणारे मालक किती? बहुतेक जण रंग मारतात, फोटो काढतात आणि साइटवर टाकतात.

ओसरी, एका बंद झोपडीने कुणाचं घर जात नाही हे मान्य. पण पहिली चालली की दुसरी निघते. आणि पाण्याचं काय? साध्या शॉवरमधून मिनिटाला 8 ते 10 लिटर पाणी जातं. चार पाहुणे दहा-दहा मिनिटं उभे राहिले तर 300 लिटरच्या वर गेलं, तेही नेमकं विहिरीचा तळ दिसत असताना. सुट्ट्या तेव्हाच असतात. शौचालयाचा शोषखड्डा कुठे खणणार? विहिरीपासून 30 मीटर हे ढोबळ अंतर सांगतात, जमीन रेताड किंवा भेगाळ असेल तर तेही पुरत नाही. पाहुणे रविवारी निघून जातात, विहीर आम्हाला वर्षभर प्यायची असते. आणि आवाज! पहाटे उठून कामाला लागणाऱ्या माणसांच्या कानात मध्यरात्रीपर्यंत स्पीकर वाजतो, त्याची तक्रार करायची कुणाकडे, मालक तर शंभर कोस लांब.

मुक्कामी

मी पाहुण्यांच्या बाजूने दोन ओळी लिहितो. मला अशा झोपड्यांत राहायला आवडतं, आणि सगळे पाहुणे स्पीकर आणत नाहीत. बादलीने आंघोळ करायला माझी हरकत नाही. कोरड्या शौचालयाचीही नाही, जिथे लघवी वेगळी जाते आणि वर भुसा किंवा राख टाकायची असते. नीट ठेवलेलं असेल तर वास येत नाही, पाणी लागत नाही. पण हे बुकिंगच्या आधी स्वच्छ लिहा. ‘सर्व सुखसोयी’ असं छापायचं आणि मग पाणी जपून वापरा म्हणून सुनवायचं, यावर मी चिडतो. अडचणी आधी सांगितल्या तर ज्यांना चालतं तेच येतील.

हिशोबी

नियमांकडेही बघा. जपानने 2018 पासून घरगुती मुक्कामाला वर्षाला 180 दिवसांची मर्यादा घातली. वेल्समध्ये 2023 पासून उलटी अट आहे. सुट्टीचं घर व्यवसाय म्हणून गणलं जायला वर्षात किमान 182 दिवस ते खरोखर भाड्याने गेलेलं असावं लागतं, आधी 70 पुरत होते. एकीकडे कमी द्या, दुसरीकडे जास्त द्या. म्हणून आपल्या ठिकाणी काय लागू आहे ते गुंतवणूक करण्याआधी विचारा. घराचा साधा विमा पैसे देऊन राहणाऱ्या पाहुण्यांना बहुधा धरत नाही, आणि गवताच्या छपराला विमा मिळवणं मुळात अवघड. पाहुणा पायरीवरून पडला तर जबाबदार कोण, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या.

ओसरी

बांधावरची ताई, पाण्याबद्दल तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. माझ्याकडे शॉवर नाहीच. पण यातून ‘देऊच नका’ असं निघत नाही. झोपडी दोन माणसांना पेलते तर दोघांनाच द्या. आठ गाद्या टाकून गट घेऊ लागलात की पाणी, खड्डा, आवाज सगळंच हाताबाहेर जातं. विहीर आटत आली की बुकिंग बंद ठेवायचं, मग सीझन का असेना. एवढं जमत नसेल तर तुमच्या भावाचं ऐका, रानवाट.

रानवाट

सगळ्यांचे आभार. भावाला धागा वाचायला दिला. त्याचं मन पुरतं वळलेलं नाही, माझंही नाही. सध्या ठरलंय ते असं: आधी गावात विचारायचं, कायम राहणारं कुणी मिळतंय का. वर्षभरात कुणी आलं नाही तर दोन माणसांपुरती, विहिरीला पाणी असेल त्या महिन्यांतच सुट्टीसाठी द्यायची. शेजारच्या काकूंना आधी विचारणार, त्या नको म्हणाल्या तर नाही. गवंडी, एक अडचण आहे. काकांनी मागच्या भिंतीवर कधीतरी सिमेंट मारलंय. काढताना खालची माती सुटेल का?

गवंडी

थोडी सुटणारच. घाईने ठोकू नका, पावसाळ्यानंतर कोरड्या दिवसांत वरून खाली हलक्या हाताने उकला. पायथ्याचा हातभर पट्टा सगळ्यात शेवटी. भिंत उघडी करून पुरती वाळू द्या, मगच मातीचा गिलावा. पायथा मऊ लागला तर थांबा आणि मातीकाम जाणणाऱ्या माणसाला दाखवा. तोपर्यंत आत कुणालाही झोपवू नका, पाहुणा असो की भाडेकरू.