पगार तेवढाच, मग हे सगळं कसं जमतं? सांगली-साताऱ्याकडचे अनुभव

आमच्या घरात दोघांचे मिळून महिन्याला ४२ हजार येतात. नवरा कुपवाडच्या एका कारखान्यात सुपरवायझर, मी एका दवाखान्यात हिशेब बघते. विश्रामबागेत छोटा फ्लॅट आहे. त्याचा हप्ता, मुलीची शाळा, सासूबाईंची औषधं, किराणा, पेट्रोल एवढं झालं की महिनाअखेरीला हातात फारसं राहत नाही.

पण आमच्याच इमारतीत, आमच्याएवढाच पगार असलेल्या घरांच्या दारात नवी मोठी गाडी येते. वर्षातून एकदा विमानानं फिरणं होतं. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला हॉल, दोनशे पानं, वर ड्रोननं शूटिंग. मुलगी विचारते, "मग आपणच का नाही?" माझ्याकडे खरं उत्तर नसतं. "कर्ज काढलं असेल" नाहीतर "वरची कमाई असेल" असं सगळेच म्हणतात. दुसऱ्याच्या घराबद्दल काही माहीत नसताना असं बोलणं मला बरं वाटत नाही.

म्हणून विचारते. स्वतःच्या घरातलं किंवा अगदी जवळून पाहिलेलं लिहा. नावं नकोत. जमलं तर आकडे द्या, कारण आकडे कुणीच बोलत नाही.

विट्याजवळचं गाव, सध्या तामिळनाडू

ताई, आमच्या गावात या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मजली बंगले दिसतील आणि त्यातल्या निम्म्यांना कुलूप असेल. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलीत. जुने दागिने वितळवायचे, आम्ल वापरून शुद्ध करायचे, त्यातलं सोनं-चांदी सराफाला काढून द्यायचं, हे आमचं काम. गावाकडं जमीन होती, पाणी नव्हतं. म्हणून आधीची पिढी बाहेर पडली आणि एकानं दुसऱ्याला बोलावून घेतलं. मी दहावी झाल्यावर चुलत्याच्या दुकानात आलो. भट्टीपाशी काम करायचो आणि मागच्या खोलीत सहा जण झोपायचो.

आजही माझं कुटुंब इथं दोन खोल्यांत भाड्यानं राहतं. गावाकडच्या बंगल्याला मात्र चाळीस लाख लागले. लोक विचारतात, वर्षातून पंधरा दिवस राहायला एवढं घर कशाला? आमचा धंदा गावाला दिसत नाही. हजार किलोमीटरवर एका बोळात दहा बाय दहाचं दुकान आहे, ते चालतं की बुडालंय, हे तिकडं कुणाला कळणार? पोराची सोयरीक बघायला पाहुणे गावात येतात. त्यांना दाखवायला बंगलाच असतो. म्हणून आमच्यात आधी गावाकडचं घर होतं आणि जिथं राबतो तिथलं नंतर. त्या बंगल्यात आम्ही तिघं भाऊ आणि वडिलांचं सगळं आयुष्य आहे. गावाला मात्र तो "धाकट्यानं बांधलेला" वाटतो, कारण वास्तुशांतीला मी पुढं होतो.

पलूस तालुका

माझ्या नवऱ्याचा पगार १९ हजार. चारचाकी घेतली तेव्हा भावकीत बरीच चर्चा झाली, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

घर सासऱ्यांनी बांधलेलं, त्यामुळं भाडं नाही आणि हप्ता नाही. गहू, ज्वारी, हरभरा घरचा. भाजी बरीचशी बांधावरची. तीन म्हशी आणि एक गाय आहे. डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी माझ्या खात्यावर येतं. पेंड, वैरण, डॉक्टर वजा जाता महिन्याला बारा-तेरा हजार राहतात. पहाटे साडेचारला उठते, धारा काढते, शेण काढते, मग पोरांचे डबे. माझ्या या कामाला कुणी पगार म्हणत नाही, म्हणून आमच्या घराचं उत्पन्न सगळे १९ हजारच धरतात.

शिवाय दोन एकर ऊस. ऊस गेल्यावर कारखान्यानं चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दरानं होणारी रक्कम, द्यायची असा नियम आहे. प्रत्यक्षात कधी वेळेवर मिळते, कधी तुकड्यातुकड्यानं. पण आली की मोठी रक्कम येते. त्यातून सोसायटीचं पीककर्ज फिटतं, खताचं देणं जातं आणि उरलेल्यात वर्षाचं मोठं काम उरकून घ्यायचं. एका वर्षी स्लॅब टाकला, एका वर्षी नणंदेचं लग्न, एका वर्षी गाडीचे रोख पैसे भरले, गाडी जुनी घेतली. बघणाऱ्याला तेवढा एक महिना दिसतो. बाकीचे अकरा महिने आम्ही काय खातो ते कुणी बघायला येत नाही.

सातारा शहर

आम्ही दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. सातव्या वेतन आयोगानंतर दोघांचे मिळून दीड लाखाच्या पुढं जातात. लोकांच्या डोक्यात "मास्तर" म्हणजे अजून पंचवीस वर्षांपूर्वीचा पगार आहे. गोडोलीत घर घेतलं तेव्हा "शिकवण्या घेत असतील" असं ऐकायला मिळालं. आम्ही कधीच शिकवणी घेतली नाही.

कराड, एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात

पलूसच्या वहिनींनी लिहिलं तसं घर असेल तर आनंदच आहे. माझ्या टेबलावर येतात ती घरं वेगळी, म्हणून तेही लिहितो.

गाडीपासून सुरू करतो. आठ लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १६,८०० च्या आसपास बसतो. पगार तीस हजार असेल तर ते जड जातं. मग मुदत सात वर्षं करून देतात, हप्ता १३ हजारांवर येतो आणि माणूस सही करतो. एकूण परतफेड जवळपास अकरा लाख. गाडी घेताना बहुतेक जण "हप्ता किती बसेल" एवढंच विचारतात. व्याज एकूण किती जाईल हे विचारणारा क्वचित भेटतो.

दुसरं सोनेतारण. २०१९ मध्ये तोळ्याचा भाव ३५-४० हजारांच्या घरात होता, २०२५ मध्ये तो लाखाच्या पुढं गेला. ज्या पाटल्यांवर तेव्हा एक लाख मिळाले त्याच पाटल्यांवर आज त्याच्या दुपटीहून जास्त मिळतात. मुदत संपली की व्याज भरायचं आणि नवं-जुनं करून वाढीव रक्कम उचलायची. घरात एक गुंजही नवीन सोनं आलेलं नसतं, तरी हातात पैसा येतो. बायकोला फ्रीज मिळतो, पोराला मोबाइल मिळतो, सगळं मजेत चाललंय असं वाटतं. पाटल्या मात्र आमच्या तिजोरीत वर्षानुवर्षं पडून असतात. लग्नसराईत मुहूर्ताच्या दोन दिवस आधी दागिने सोडवायला रांग लागते. हातउसने घेऊन सोडवतात, लग्नात घालतात आणि त्याच आठवड्यात परत तारण ठेवायला आणतात. हॉलमध्ये ते दागिने बघून शेजारीण घरी जाऊन नवऱ्याशी भांडत असेल, या विचारानं मला खरंच वाईट वाटतं.

तिसरं जामीनदार. याबद्दल कुणी बोलत नाही. मित्राच्या कर्जाला "नुसती सही" करतात. कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. कर्ज थकलं की संस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवते आणि नोकरदार जामीनदाराच्या पगारातून कपात सुरू होते. गाडी एकाच्या दारात आणि हप्ता दुसऱ्याच्या पगारातून, अशी प्रकरणं मी पाहिली आहेत.

गावभाग, सांगली

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमचा तळमजला पूर्ण बुडाला. धान्य, गाद्या, कपाटं, फ्रीज, वॉशिंग मशिन, मुलांची दप्तरं, सगळं रस्त्यावर ढिगात टाकलं. पुढच्या दिवाळीला आमच्याकडं आलेली पुण्याची पाहुणी घरभर फिरून म्हणाली, "छान! सगळं नवंकोरं केलंत की. पुराचं चांगलं मिळालेलं दिसतंय."

सरकारी मदतीत गाद्या आणि भांडी आली. बाकी फ्रीज हप्त्यावर, मशिन हप्त्यावर, पलंग भावानं दिला, रंगाचे पैसे मी माझी भिशी उचलून दिले. एक-दोन वर्षांत फिटेल म्हणेपर्यंत कोरोना आला, मग २०२१ ला परत पाणी. आता जिना सोडून खाली काहीच ठेवत नाही, त्यामुळं वरच्या मजल्यावर सगळी नवी वस्तू एका जागी दिसते. आमच्या गल्लीतलं प्रत्येक घर असंच चकचकीत आहे. ते बघून कुणी हेवा करू नये एवढीच इच्छा.

विश्रामबाग (धागा काढणारी)

गावभागच्या ताई, मी पाणी ओसरल्यावर तिकडं चिखल काढायला आले होते. तरी हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

पाटण तालुका

वडील वाशीच्या बाजारात माथाडी. आमच्या खोऱ्यातली किती घरं त्या पाठीवरच्या ओझ्यावर उभी आहेत, सांगता येणार नाही. गावात यात्रेला आले की वडील पांढरे कपडे, बोटात अंगठी, सगळ्या भावकीला मटणाचं जेवण, देवळाला देणगी. वर्गातली पोरं म्हणायची, "तुझं काय बाबा, मुंबईचा पैसा."

कॉलेजला असताना सुट्टीत त्यांच्याकडं राहिलो. एका खोलीत गावचेच दहा-बारा जण, पाळीपाळीनं झोपायचे. वडील सकाळी चहा-खारीवर निघायचे आणि पोती उचलून दुपारी खाणावळीत जेवायचे. अकरा महिने स्वतःवर काही खर्च करायचा नाही आणि आठ दिवस गावात मान राखायचा, असं त्यांचं चाललेलं. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळं मंडळाकडं त्यांचा फंड आणि ग्रॅच्युइटी जमत होती. त्यातून माझं इंजिनिअरिंग आणि बहिणीचं लग्न झालं. यात्रेतल्या खर्चाबद्दल मला कधीच राग आला नाही. त्यांच्या पाठीला घट्टे पडलेत ते मी तेल लावताना बघितलेत.

माहेर कवठेमहांकाळ, सासर वाई

रत्नागिरी-नागपूर महामार्गात माहेरची जमीन गेली. भरपाईची रक्कम यायच्या आधी भावांनी आम्हा दोघी बहिणींना तहसीलला नेलं, हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या, साडी-चोळी केली आणि जेवू घातलं. २००५ पासून मुलीचाही मुलाएवढाच हक्क आहे, हे मला ठाऊक होतं. माहेर तुटू नये म्हणून सही केली. आईही तेच म्हणाली.

आता भावाच्या दारात दोन गाड्या आहेत. सासरची माणसं मला विचारतात, "तुझा भाऊ करतो तरी काय?" तो पूर्वी जे करायचा तेच करतो, द्राक्षं. गाड्यांमध्ये माझा आणि माझ्या बहिणीचा वाटा आहे. तुम्ही विचारलंत की पैसा येतो कुठून, तर कधीकधी तो बहिणींकडून येतो.

सातारा, निवृत्त सुभेदार

पेन्शन चालू, वर बँकेत सुरक्षारक्षकाची नोकरी, सामान लष्करी कॅन्टीनचं, औषधोपचार माजी सैनिकांच्या ईसीएचएस योजनेतून. त्यामुळं हातात पैसा राहतो. सीमेवर असताना मुलं मोठी होताना पाहिली नाहीत. आता नातवाला सगळं घेतो आणि घेत राहणार.

मिरज

लिहू की नको करत होते. माझ्या लग्नात पप्पांनी कमी पडू दिलं नाही. नऊशे लोकांचं जेवण, दहा तोळे, संसाराची सगळी भांडी. पप्पा एका दुकानात दिवाणजी होते. सगळे म्हणाले, "बापानं जन्मभर साठवलं पोरीसाठी."

लग्नानंतर दोन वर्षांनी आईनं सांगितलं. दोन लाख खासगी सावकाराकडून, महिना दहा टक्क्यांनी. म्हणजे दरमहा वीस हजार नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी. पप्पांचा पगार चौदा हजार. दुचाकी गेली, आईचं मंगळसूत्र गेलं, घराचे कागद मागायला लागले. परवानाधारक सावकारालाही बिगरशेती, बिनतारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही. हा माणूस एका वर्षात १२० टक्के घेत होता. शेवटी नवऱ्यानं आणि मी पप्पांना घेऊन सहकार उपनिबंधकांच्या कार्यालयात २०१४ च्या सावकारी कायद्याखाली तक्रार दिली. पप्पा दारातच थांबले होते, लोक काय म्हणतील म्हणून. तक्रारीनंतर तगादा थांबला, मुद्दल आम्ही फेडलं.

माझ्या लग्नाचा अल्बम बघून मैत्रिणी अजून म्हणतात, काय थाट होता! ज्या मुलींचं लग्न ठरतंय, त्यांनी आपल्या वडिलांना पैसे कुठून आणले ते लग्नाआधी विचारा. हात जोडून सांगते.

एक विचारायचं होतं, कराडच्या दादांना. माझा धाकटा भाऊ मित्राच्या गाडीच्या कर्जाला जामीन राहतोय. पुढच्या आठवड्यात सही आहे. काय बघावं?

कराड

ताई, आधी मित्राला त्याचा सिबिल अहवाल काढून दाखवायला सांगा. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, त्यामुळं खर्चाचं कारण चालणार नाही. त्यात चालू कर्जं किती, हप्ते कुठं चुकलेत ते दिसतं. खासगी सावकाराचं आणि हातउसनं त्यात येत नाही, ते तोंडी विचारा. मग सगळे हप्ते एकत्र करून पगारातून वजा करा. उरलेल्यात त्याचं घर चालत नसेल तर भावाला सही करू देऊ नका. भाऊ आधी कुणाला जामीन असेल तर तेही मोजा. आणि कर्जाच्या कागदांची झेरॉक्स त्याच दिवशी मागून घ्या, नंतर देतो म्हणतील.