छोट्या कॅरॅव्हॅन ट्रेलरला कुठली गाडी?

प्रश्न (खानापूर): ट्रेलर (गाडीमागं ओढायचं चाकांवरचं छोटं घर) रिकामा ६५० किलो आहे. जांबोटी-कणकुंबीवरनं चोर्ला घाटातून गोव्याला न्यायचाय. घरी डिझेल हॅचबॅक आहे, चालेल का?

उत्तर (निपाणी): ६५० धरू नका. पाणी, गॅस, बॅटरी, अंथरूण-पांघरूण भरलं की सहज ८५० होतो. सामान भरून आधी काट्यावर घाला. मग गाडीच्या मॅन्युअलमध्ये ओढण्याची मर्यादा बघा. दिलेलीच नसेल तर त्या गाडीला हुक बसवू नका. पुढची चाकं ओढणारी हलकी गाडी ओल्या चढावर घसरते, कारण हुकावरचा भार तिचं नाक उचलतो. चासीवर (खालच्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर) बांधलेली, मागची चाकं ओढणारी बोलेरो-स्कॉर्पिओसारखी गाडी बघा. हॉर्सपॉवरपेक्षा कमी आरपीएमला (इंजिन हळू फिरताना) मिळणारा टॉर्क (चाकं फिरवायचा जोर) महत्त्वाचा, नाहीतर चढावर क्लच जळतो.

उत्तर (बेळगाव): हुकावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा, म्हणजे ८५० ला ८५ ते १२७ किलो. जड सामान मागं गेलं की ट्रेलर डोलायला लागतो, आणि वेग वाढवून ते डोलणं थांबत नाही, वाढतं. हा भार गाडीच्या पेलोडमध्येच (गाडी स्वतःवर वाहू शकते त्या वजनात) मोजायचा, माणसांसकट.

उत्तर (निपाणी): ७५० किलोच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. घाट उतरताना सुरुवातीपासनं दुसरा गिअर ठेवा. सारखा ब्रेक दाबून ठेवला तर तापून धरायचाच बंद होतो. सेफ्टी चेन हुकाखालनं फुलीसारखी बांधा.

प्रश्नकर्ता: म्हणजे हॅचबॅक बाद. आधी काट्यावर नेतो.