रेडिओ चालवता येते पण आतलं काही समजत नाही, मग मी हॅम कशाचा?

महालवाला_नवा
नमस्कार मंडळी, मी नागपूरचा, महालात राहतो. हॅमची म्हणजे हौशी रेडिओची रिस्ट्रिक्टेड ग्रेडची परीक्षा पास होऊन व्हीयू थ्रीनं सुरू होणारा कॉलसाइन (हवेवरची ओळख) मिळाला. पण खरं सांगतो, ओहमचा नियम काय नि मॉड्युलेशन काय, सगळं प्रश्नसंच पाठ करून दिलं होतं. एचएफचा, म्हणजे शॉर्टवेव्हचा, रेडिओ सेट रेडीमेड, अँटेना एका ओळखीच्या दादानं बांधून दिला, मी फक्त फ्रिक्वेन्सी लावतो आणि बोलतो. परवा ४० मीटरवर (७ मेगाहर्ट्झचा बँड) एका सिनिअरनं सगळ्यांसमोर म्हटलं की आजकालचे हॅम म्हणजे नुसते बटन दाबणारे, सेटचं झाकण कधी उघडून पाहिलं नाही यांनी. खूप लागलं मनाला. आता विचार करून राहिलो की इलेक्ट्रॉनिक्स शिकलो नाही तर इथं राहण्यात अर्थ आहे का.
दुसरं म्हणजे एप्रिलपासून संध्याकाळी बँडवर नुसती खरखर, सेटवरचा सिग्नलचा जोर दाखवणारा मीटर एस ८ वर, हिवाळ्यात बंगलोर कोलकाता साफ यायचे. सेट बिघडला असंन तर नवीन घ्यावा लागंन, परवडत नाही हो.

धरमपेठ_४०मी
भाऊ थांब, सेट विकत घेऊ नको. आधी एक काम कर, सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर लाव आणि घरचा मेन एमसीबी पाड. मीटर खाली आला तर खरखर तुझ्याच घरात आहे. मग एकेक एमसीबी चढवत जा, कशावर परत येते ते पाह्य. माझा अंदाज कूलरवर आहे, कारण एप्रिल म्हटलं की नागपुरात घरोघरी कूलर सुरू होते आणि त्याचा गोल फिरवायचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असतो ना, तो दर सेकंदाला शंभर वेळा करंट मधूनच कापतो, त्या झटक्यांची खरखर वायरिंगमधून अँटेनापर्यंत जाते. एलईडी बल्ब आणि मोबाईलचे स्वस्त चार्जर पण असेच.
आता बघ, यात झाकण कुठं उघडलं? पण हे तांत्रिकच ज्ञान आहे.

रामटेक_रोड
मी थोडं वेगळं बोलतो. चालवणं ही पण विद्या आहे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांची टीम अंदमानात पोर्ट ब्लेअरला हॅम स्टेशन चालवायलाच गेली होती आणि त्सुनामी आली, फोन बंद, तेव्हा लोकांचे निरोप त्यांच्या रेडिओवरून मुख्य भूमीवर पोचले. तिथं कामी आलं ते कान देऊन ऐकणं, नाव नि आकडे अक्षर-अक्षर करून देणं, आपली पाळी येईपर्यंत चूप राहणं. त्या सिनिअरनं चारचौघांत जे केलं ते मला अजिबात पटलं नाही, नवीन माणूस असाच तुटतो.
पण एक आहे. आंतरराष्ट्रीय नियमात हौशी रेडिओची व्याख्याच स्वतःचं शिक्षण, आपसातला संपर्क आणि तांत्रिक शोध अशी तिन्ही मिळून दिली आहे, शिकणं तर पहिलंच.

सेमिनरी_हिल्स_डिजिटल
मला विचाराल तर जिथं आपला सिग्नल दुसऱ्याला लागतो तिथलं तरी समजलंच पाहिजे. मी स्वतः एफटी८ वर असतो, म्हणजे कॉम्प्युटरनं छोटे निरोप पाठवायचा डिजिटल मोड. तो मोड काढणाऱ्यांत जोसेफ टेलर आहेत, १९९३ चं फिजिक्सचं नोबेल मिळालेले, आणि १५ सेकंदांचे टप्पे, डिकोडिंग सगळं कॉम्प्युटर करतो, आपण क्लिक करायचं. पण ऑडिओ लेव्हल जास्त ठेवली तर सिग्नल आजूबाजूला फाटतो आणि शेजारच्या पाच जणांचं काम खराब होते, आणि चालवणाऱ्याला पत्ताही नसतो. म्हणून एएलसी (सेटची पॉवर आपोआप आवरणारी सोय) कशासाठी आहे, एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळला ते सांगणारा आकडा) ३ म्हणजे चौथा हिस्सा पॉवर परत येते, एवढं तरी शिकाच.
आणि पुढचा डायपोल (दोन सारख्या तारांचा अँटेना) स्वतः बांधा. एकूण लांबी मीटरमध्ये म्हणजे १४३ भागिले मेगाहर्ट्झ, ७.१ साठी २० मीटर १४ सेंटीमीटर. दोन्ही बाजू साडेदहा-साडेदहा मीटर कापा, एसडब्ल्यूआर मोजायचा मीटर लावा, एसडब्ल्यूआर सगळ्यात कमी ६.८ च्या आसपास दिसंन, मग दोन्हीकडून सारखं थोडं थोडं कमी करत ७.१ वर आणा. एका दुपारी जेवढं समजंन तेवढं प्रश्नसंचातून समजत नाही.

महालवाला_नवा
एमसीबी पाडला!! एस ८ वरून सरळ एस २. मग एकेक चढवला तर समोरच्या खोलीचा कूलरच निघाला, रेग्युलेटर फिरवला की खरखरीचा आवाज पण बदलते. आई म्हणते कूलर बंद नाही होणार, ४५ डिग्री आहे बाहेर. आता काय करू? वायरवर फेराईट (खरखर अडवणारं चुंबकीय कडं) लावू का?

धरमपेठ_४०मी
आई बरोबर म्हणते 😊 फेराईटनं थोडंच कमी होईल. तो रेग्युलेटरच काढ आणि टप्प्याटप्प्याचा, कपॅसिटरवाला लाव, खट खट करत फिरते तो. तो करंट कापत नाही म्हणून खरखर पण करत नाही. घेताना दुकानदाराला कूलरच्या मोटरसाठी पाहिजे म्हणून सांग, पंख्याचा देऊन देईल नाहीतर. आणि बदलताना मेन बंद ठेव, घाई करू नको. झालं की रात्री ४० मीटरवर ये, तुझा सिग्नल कसा येतो त्याचा रिपोर्ट देतो.