शब्दचर्चा: स्टाइल, फॉरमॅटिंग आणि मेनूतलं मराठी

अंधेरीकर:
आमच्या ऑफिसात लिहिण्याच्या एका अ‍ॅपचे मेनू मराठीत करायचं काम आलंय आणि गाडी दोन शब्दांवर अडलीये, स्टाइल आणि फॉरमॅटिंग. आधीच्या माणसाने शैली आणि स्वरूपण करून ठेवलंय. पण ज्यांना दाखवलं त्यांना दोन्ही एकच वाटतात, म्हणतात अक्षर मोठं करायचंय ना, मग कुठलंही दाबा. रोजच्या बोलण्यातलं काही सुचवा.

डीटीपीवाला दादर:
आमच्याकडे विचारतात "स्टाइल लावलीये का हाताने केलंय?" बस, यातच सगळा फरक आला. दिवाळी अंकाचं मॅटर वर्डमध्ये येतं, लेखकाने एकेक उपशीर्षक सिलेक्ट करून बोल्ड केलेलं, साईज १६, मध्येच कुठे १५, जागा सोडायला एंटरवर एंटर, दिसायला शीर्षक पण कॉम्प्युटरच्या लेखी तो साधा पॅराच, त्यामुळे अनुक्रमणिका आपोआप निघत नाही, आणि शेवटच्या आठवड्यात संपादक म्हणाले उपशीर्षकं जरा बारीक करा की बसा शोधत. हेडिंगची स्टाइल, म्हणजे नाव देऊन ठरवलेलं रूप, लावली असती तर एका जागी बदलून काम झालं असतं. माझं मत, स्टाइलला स्टाइलच ठेवा. आणि हो, एका मजकुराचं फॉरमॅटिंग उचलून दुसऱ्याला लावणारं जे बटण, त्याला फॉरमॅट पेंटर असं कोणी म्हणत नाही, "ब्रश मार" म्हणतात. डबल क्लिक केला की एस्केप दाबेपर्यंत तो ब्रश चालूच राहतो हे मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

व्याकरणवाली:
शैलीला माझाही विरोध. शैली लेखकाची असते, गायकीची असते. इथे आपण परिच्छेदाला सांगतोय की बाबा तू शीर्षक, तू अवतरण. ही भूमिका झाली. नाटकात राजाचं काम मिळालं की मुकुट-तलवार ओघाने येतेच, तसं ठळकपणा आणि साईज मागून येते.

अंधेरीकर:
मग साचा?

व्याकरणवाली:
साचा टेम्प्लेटला, म्हणजे अख्ख्या कागदाच्या तयार नमुन्याला, लागेल हो, तो इथे खर्च केलात तर तिकडे काय लावणार?

बटणवाला:
इंटरफेसचं काम करतो म्हणून सांगतो, शब्दापेक्षा जागेचा घोळ मोठा आहे. बोल्डचं बटण कायम समोर, एक क्लिक की फरक दिसला, स्टाइलसाठी आधी नावांची यादी वाचा. लोक सोपं तेच करणार ना. स्टाइल शीट, म्हणजे स्टाइल्सचा संच, काही नवी नाही, १९८३ च्या डॉसवरच्या पहिल्या वर्डमध्येही होती. २००७ ला वर्डमध्ये रिबन, म्हणजे वरची बटणांची रुंद पट्टी, आली तेव्हा स्टाइल्स होम टॅबवर नमुन्यासकट मांडल्या, पण मग रंग आवडला म्हणून थेट हेडिंग २ लावणारे निघाले. लिब्रेऑफिस या फुकट मिळणाऱ्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये स्टाइल्सचा मेनूच वेगळा आहे, एफ ११ दाबलं की बाजूला पट्टी उघडते, मला ते बरं वाटतं.

बोल्डच्या बटणावर रोमन बी ठेवू नका. जर्मन वर्डमध्ये तिथे त्यांच्या शब्दाचा एफ असतो, तुम्ही ठळक अ ठेवा. तिरप्याचा आग्रह नको, देवनागरीत इटॅलिकची स्वतंत्र परंपरा नाही, बहुतेक फॉन्टमध्ये तिरपं वळण नसतंच, सॉफ्टवेअर सरळ अक्षर नुसतं कलतं करतं. आणि अधोरेखा उकारांच्या अंगावरून जाते. अजून एक, वर्ड देवनागरीला कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट, म्हणजे अक्षरं जुळताना आकार बदलणारी लिपी, धरतं आणि तिचा फॉन्ट, साईज, ठळकपणा रोमनपेक्षा वेगळा साठवतं, त्यामुळे फक्त वरच्या लॅटिनच्या रकान्यात बदल केला तर इंग्रजी शब्द बदलतात आणि मराठी ढिम्म. तुमच्या अ‍ॅपमध्ये एकच रकाना ठेवता आला तर बघा.

अंधेरीकर:
स्टाइल फायनल. फॉरमॅटिंगला "अक्षराचं रूप" आणि "परिच्छेदाचं रूप" असं तोडतो. आता क्लिअर फॉरमॅटिंग. "स्वरूपण पुसा" लिहिलं होतं तर लोक घाबरून हातच लावेनात, मजकूर जाईल म्हणून.

डीटीपीवाला दादर:
"हाताने केलेलं काढा".

बटणवाला:
मोबाईलवर मावायचं नाही. "साधं करा"?

व्याकरणवाली:
थांबा, तुमचं बटण करतं काय नक्की? वर्डमधलं सगळं फॉरमॅटिंग काढणारं बटण शीर्षकाचाही नॉर्मल पॅरा करून टाकतं, लिब्रेऑफिसचं कंट्रोल-एम फक्त हाताने केलेलं काढतं, स्टाइल तशीच राहते. पहिल्याला "साधं करा" चालेल, दुसऱ्याला नाही.

अंधेरीकर:
आमच्यात शीर्षक शीर्षकच राहतं. मग "मूळ स्टाइलवर आणा" टाकतो. मावतंय मोबाईलवर, आत्ताच बघितलं.