नाचणी सुरू करूनही जेवणानंतरची साखर का उतरत नाही?

खाडीकाठ (गुहागर) यांचा प्रश्न

माझ्या आईचे वय ६३ असून तिला गेल्या वर्षी मधुमेहाचे निदान झाले. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू आहेत. मागच्या तपासणीत एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ७.९ आले. उपाशीपोटीची साखर १३५ च्या आसपास राहते, पण दुपारच्या जेवणानंतर ती २३० पर्यंत जाते. आमचे खाणे इकडच्या कुठल्याही घरासारखेच आहे: सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात आणि माशाचे कालवण, रात्री पुन्हा भात आणि कुळथाची पिठी.

शेजारपाजारच्या सगळ्यांनी "भात बंद करा, नाचणी खा" असा सल्ला दिल्यामुळे तिने दुपारचा भात पूर्ण सोडला आणि त्याऐवजी नाचणीच्या तीन भाकऱ्या खायला सुरुवात केली. पेजेची जागाही नाचणीच्या आंबिलीने घेतली. आकडा मात्र होता तिथेच आहे, आणि भाताशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही म्हणून तिची चिडचिड होते ती वेगळीच. आता श्रावण तोंडावर आला आहे. ती सोमवार धरते, दिवसभर साबुदाण्याची खिचडी आणि चहा यांवर राहते आणि संध्याकाळी उपवास सोडते. भाताचे नेमके काय करावे आणि उपवासाच्या दिवशी गोळ्यांचे काय, याबद्दल जाणकारांनी सांगावे.

वाटीचमचा (आहारतज्ज्ञ, रत्नागिरी)

आईंनी भात सोडला हे खरे, पण ताटातले पिष्ट कमी झाले नाही, हे आधी लक्षात घ्यावे. कच्च्या तांदळात शंभर ग्रॅमला सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदके असतात आणि नाचणीत सुमारे ६७, म्हणजे फरक आहे, पण लोक समजतात तेवढा नाही. नाचणीचा खरा फायदा तिच्यातल्या चोथ्याचा आणि कॅल्शियमचा आहे. एका मध्यम भाकरीला ४५ ग्रॅम पीठ लागते असे धरले, तर तीन भाकऱ्यांतून ९० ग्रॅम कर्बोदके पोटात जातात. शिजलेल्या भातात शंभर ग्रॅमला साधारण २८ ग्रॅम कर्बोदके असतात, त्या हिशेबाने ही भरती तीनशे ग्रॅमहून अधिक भाताएवढी झाली. आई पूर्वी एवढा भात तरी खात होत्या का, हे त्यांनाच विचारून पाहा. आंबिलीची गोष्ट आणखी निराळी: बारीक दळलेले पीठ पाण्यात शिजवून पातळ केले की ते भराभर पचते आणि साखर लवकर चढते, मग ते पीठ नाचणीचे का असेना.

म्हणून भात बंद करण्यापेक्षा तो मोजून घ्यावा असे माझे मत आहे. घरातल्या वाट्या एकसारख्या नसतात. त्यामुळे एकदा वजनकाट्यावर शंभर ग्रॅम शिजलेला भात मोजून तो कोणत्या वाटीत सपाट बसतो ते पाहावे आणि तीच वाटी आईंच्या भातासाठी कायमची बाजूला काढावी. डावाने वाढलेल्या भाताचा अंदाज भल्याभल्यांचा चुकतो. दुपारी एक वाटी भात किंवा दीड भाकरी, दोन्हींपैकी एकच. उकडा तांदूळ भुसासकट उकडून, वाळवून मग कांडला जातो, त्यामुळे त्यातले पिष्ट घट्ट बसते आणि पॉलिश केलेल्या सुरय तांदळाच्या मानाने तो सहसा सावकाश पचतो. तुमच्याकडे तो आहेच, तोच चालू ठेवावा. सकाळी पेज हवीच असेल तर तांदूळ निम्मा करावा, फार गाळ शिजवू नये आणि सोबत मुगाची उसळ किंवा अंडे द्यावे. नुसती पेज आणि लोणच्याची फोड हा मधुमेह असलेल्या माणसाचा नाश्ता नव्हे.

आणखी एक सवय बिनखर्चाची आहे. जेवायला बसल्यावर आधी भाजी आणि मासळी खावी, भात शेवटी घ्यावा. पदार्थ तेच आणि तेवढेच असले तरी या क्रमाने जेवल्यास जेवणानंतरचा चढ कमी राहतो, असे अभ्यासांत दिसून आले आहे.

रानवाट (संगमेश्वर)

आमच्याकडे सप्तरंगीच्या मुळाचे तुकडे रात्री पाण्यात टाकून ते पाणी सकाळी पितात. काकांना त्याचा गुण आला आहे. आईंना देऊन पाहण्यास हरकत नसावी.

तालुक्याचा डॉक्टर

रानवाट यांनी सुचवलेल्या सप्तरंगीबद्दल आधी लिहितो, कारण "हरकत नसावी" हे मला मान्य नाही. पिष्टाचे साखरेत रूपांतर करणाऱ्या आतड्यातल्या विकरांना अडवणारी द्रव्ये या वनस्पतीत आहेत, म्हणजे तिचा परिणाम होऊ शकतो. आणि नेमके म्हणूनच ग्लिमेपिराइड घेणाऱ्या व्यक्तीने ती परस्पर सुरू करू नये. घरच्या मुळात द्रव्य किती आहे हे मोजलेले नसते. गोळीचा आणि काढ्याचा परिणाम एकत्र झाला तर साखर फार खाली जाऊ शकते. द्यायचेच असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगून द्यावे.

उपवासाचा प्रश्न याच कारणाने महत्त्वाचा आहे. मेटफॉर्मिन एकट्याने सहसा साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवत नाही, ग्लिमेपिराइड मात्र उतरवू शकते, कारण ही गोळी पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. गोळी घेऊन दिवसभर चहावर राहणे हा खरा धोका आहे. श्रावण लागण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटून सोमवारी कोणती गोळी, किती आणि केव्हा घ्यायची हे लिहून घ्यावे. स्वतःच्या मनाने गोळी बंदही करू नये. उपवासात दरदरून घाम सुटला, हात थरथरले, छातीत धडधडले किंवा बोलणे असंबद्ध वाटले, तर साखर तपासावी. ती ७० च्या खाली असेल, किंवा यंत्र हाताशी नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. अशा वेळी उपवास मोडला याचे वाईट वाटून घेऊ नये. शुद्ध हरपली असेल तर तोंडातून काहीही न देता थेट दवाखाना गाठावा.

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीतले दाण्याचे कूट थोडा आधार देते, पण ताटभर खिचडीने साखर आधी चढते आणि उपाशीपणा लांबला की गोळीमुळे पडते. त्याऐवजी दही, मूठभर शेंगदाणे, सुरणाची भाजी आणि राजगिऱ्याची एखादी लहान भाकरी असे दोन-तीन वेळा थोडेथोडे विभागून घेता येईल. वरीच्या तांदळालाही वाटीचे माप लावावेच. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, पायांची संवेदना, क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासले जाते ना, हेही विचारून घ्या. मूत्रपिंडाची तक्रार असेल तर शहाळ्याच्या पाण्यापासून डाळींपर्यंत पुष्कळ गोष्टींचे प्रमाण बदलते.

तिरफळ (मालवण)

वरचे सगळे पटले, तरी रांधणाऱ्याच्या बाजूने थोडे लिहिते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे या दिवसांत बहुतेक घरांतली मासळी म्हणजे सुके बांगडे आणि गोलमा (सुकवलेली बारीक कोळंबी). त्यांतून प्रथिने मिळतात, पण मीठही भरपूर जाते. आईंना रक्तदाब असेल तर सुके बेताने द्यावे. त्या जागी काळ्या वाटाण्याचे सांबार, वालाचे बिरडे आणि चवळीची उसळ घरात आहेतच. मुख्य म्हणजे पावसाळा हाच भाजीचा हंगाम आहे: टाकळा, कुर्डू, फोडशी आणि नंतर पडवळ, दोडका. टाकळ्याची कोवळी पाने कांद्यावर परतून वर चिमूटभर ओले खोबरे घातले की ती भाजी आमच्याकडे वाटीभर नव्हे, ताटलीभर खाल्ली जाते, आणि मग भात आपोआप कमी लागतो. आईंच्या ताटातला भात काढून घेतला आणि त्या जागी काहीच ठेवले नाही, तर त्या चिडणारच.

कुळथाची पिठी उत्तम आहे, पण तिच्याबरोबर भात ओढला जातो हे आपण सगळे जाणतो. रात्री पिठी वाटीत घेऊन प्यावी, भात त्यात कालवू नये. चतुर्थीला गूळ घातलेला मोदक साखरेपेक्षा बरा असतो हा समज मात्र सोडून द्यावा. गुळाने रक्तातली साखर तशीच वाढते. त्या दिवशी एक मोदक खावा आणि जेवणातला भात वगळावा, म्हणजे नैवेद्यही चुकत नाही.

खाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. उद्याच वाटी मोजून वेगळी काढतो आणि याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतो. एक शंका उरते: आम्ही जेवण संपल्यावर दोन तासांनी साखर तपासतो, ते बरोबर आहे का?

वाटीचमचा

दोन तास पहिल्या घासापासून मोजावेत. आई सावकाश जेवत असतील तर अर्ध्या तासाचा फरक पडतो आणि आकड्यांची तुलना होत नाही. पुष्कळ प्रौढांसाठी हा आकडा १८० च्या आत असावा असे धरतात, तरी आईंचे वय आणि इतर आजार पाहून त्यांची मर्यादा डॉक्टरांनी ठरवावी. रोज तपासण्याची गरज नाही. एक दिवस वाटीभर भात, एक दिवस दीड भाकरी, बाकीचे ताट तेच, असे आलटूनपालटून तपासावे आणि आकड्याशेजारी काय खाल्ले, जेवणानंतर अंगणात दहा-पंधरा मिनिटे चालणे झाले की नाही, हे वहीत लिहावे. ती वही डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या.