स्पेस चाचणीतलं ट्रॅमाडॉल
'जुनाट कंबरदुखीला शेवटी ओपिऑइडच (मॉर्फीनच्या वर्गातलं वेदनाशामक) लागतं' असं म्हटलं जातं; हे विधान पुराव्यावर टिकत नाही. अमेरिकेत मिनिआपोलिसच्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांत झालेल्या स्पेस चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले: कंबर, गुडघा किंवा खुब्याच्या दुखण्याचे २४० रुग्ण, १२ महिने; एका गटाला ओपिऑइड, दुसऱ्याला इतर औषधं. रोजच्या हालचालींत दोन्ही गट सारखेच. वेदना मात्र १० पैकी ओपिऑइड गटात ४.०, दुसऱ्यात ३.५. दुष्परिणामही ओपिऑइड गटातच जास्त.

एक बारकावा सुटतो. दुसऱ्या गटाची सुरुवात पॅरासिटामॉल-आयबुप्रोफेन वर्गापासून होती, पण आधीच्या औषधांनी भागलं नाही तर तिसऱ्या पायरीवर ट्रॅमाडॉलही होतं, आणि तेही ओपिऑइडच आहे. मोजक्यांनाच लागलं. त्याला सौम्य समजू नका: नैराश्याच्या बऱ्याच औषधांसोबत घेतल्यास फिटचे झटके येण्याचा आणि सेरोटोनिन (मेंदूतलं एक रसायन) धोकादायक वाढण्याचा संभव असतो. बरेच दिवस चालू असेल, तर एकदम थांबवू नका; डॉक्टरांकडून डोस टप्प्याटप्प्यानं उतरवून घ्या.