मदत हवी आहे: खोकून खोकून आईची बरगडी दुखतेय, एक्स-रे नॉर्मल आला

मीठभाकर
आईला खोकला आहे. त्यात आता बरगडी इतकी दुखायला लागली आहे की कूस बदलता येत नाही. शिंक आली तरी डोळ्यांत पाणी येतं. काल एक्स-रे काढला, काही नाही म्हणाले. लावायला मलम आणि कफ सिरप दिलंय, दोन्हीने काडीचाही फरक नाही. शनिवारी भाच्याच्या हळदीला तासगावहून पुण्याला यायचंय, एसटीने. लवकर आराम पडेल असं कुणाला माहीत असेल तर सांगा. कृपया 'डॉक्टरांना दाखवा' एवढंच लिहू नका, दाखवून झालंय.

जुईचा_वेल
वय किती? खोकला कधीपासून? कोरडा की कफाचा? दुखतं ते उजवीकडे की डावीकडे, पुढे की पाठीत? ताप, धाप? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

मीठभाकर
डावीकडे, काखेच्या खाली. ताप नाही. खोकला कोरडा आहे, बरेच दिवस झाले. खोकल्याचं औषध चालूच आहे, मी दुखण्याबद्दल विचारलंय.

कृष्णाकाठ
ताई, काळजी करू नका. बरगडीत उसण भरली आहे, दुसरं काही नाही. महानारायण तेल कोमट करून हलक्या हाताने चोळा, वर रुईच्या पानाने शेक द्या. आणि मेडिकलमधून छातीचा रुंद पट्टा आणा आणि घट्ट बांधा. आमच्या मंडळींना असंच झालं होतं, पट्टा बांधल्यावर रात्री शांत झोपल्या. शनिवारपर्यंत उतरेल.

हलका_दिवा
कृष्णाकाठ, पट्ट्याबद्दल मला कळकळीने विरोध करायचा आहे. सरकारी रुग्णालयात नर्स म्हणून माझी नोकरी झाली. पूर्वी आम्हीही बरगडीला पट्टा, चिकटपट्टी बांधायचो. आता तसं करत नाहीत. पट्ट्याने दुखणं कमी होतं ते छाती हलत नाही म्हणून, आणि छाती हलली नाही की फुप्फुसाच्या खालच्या भागात हवाच पोचत नाही. तिथे कफ साचतो आणि वयस्कर माणसाला न्यूमोनिया व्हायला तेवढं पुरतं.

मीठभाकर, दुखऱ्या भागावर एका बोटाने हळूहळू चाचपून बघा. सगळीकडे ठणकतंय की एकाच ठिकाणी आई ओरडते? आणि तिथली कातडी उजेडात नीट बघा, पुरळ आहे का. नागीण उठायच्या आधी दोन-तीन दिवस नुसतंच एका बाजूला दुखतं आणि जळजळतं, साडीचा काठ लागला तरी सहन होत नाही. पुरळ आलं तर ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू झालेल्या बऱ्या.

कृष्णाकाठ
>> आता तसं करत नाहीत

दवाखान्यात करत नसतील. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या बांधतात आणि माणसं बरी होतात. अनुभवाला काही किंमत आहे की नाही?

मीठभाकर
पुरळ नाही. जळजळ नाही. बोट ठेवलं तर एकाच जागी ओरडते. परवा रात्री खोकताना तिथे 'कट' झालं असं म्हणते, तेव्हापासून जास्त आहे. पण एक्स-रे नॉर्मल आहे ना, मग हाडाचा प्रश्न कसा येईल?

काळा_चष्मा
येतो. मी क्ष-किरण तंत्रज्ञ आहे, रोज हेच काम करतो. खोकल्यासाठी काढतात तो छातीचा साधा एक्स-रे, तो फुप्फुसं बघायला असतो. बरगडी वळलेली असते, काखेच्या रेषेतली बारीक चीर एकावर एक आलेल्या सावल्यांमध्ये दिसतच नाही. त्यासाठी तिरका, खास बरगड्यांचा एक्स-रे वेगळा काढावा लागतो. खोकल्याने पडलेली चीर पहिल्या एक्स-रेत सर्रास सुटते. दोन-तीन आठवड्यांनी तिथे नवं हाड धरायला लागतं, तेव्हा मग डोळ्यात भरते. सोनोग्राफीत कधीकधी आधी कळते.

खोकल्याने बरगडी मोडते हे लोकांना पटत नाही. एक स्नायू बरगडी वर ओढतो, पोटाच्या बाजूचा खाली ओढतो, आणि हे दिवसातून शेकडो वेळा होतं. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते तसंच. पाचवी ते नववी या मधल्या बरगड्या जास्त सापडतात, बाजूला, तुम्ही म्हणता साधारण तिथेच. मी निदान करत नाही, ते डॉक्टरांचं काम. पण 'एक्स-रे नॉर्मल' म्हणजे 'बरगडी नॉर्मल' असं धरू नका.

चकलीभाजणी
अडुळशाची पानं, ज्येष्ठमध, दोन लवंगा उकळून निम्मं करा आणि कोमट झाल्यावर मध घालून द्या. आमच्याकडे मुलांना हाच काढा चालतो. मध मात्र एक वर्षाखालच्या बाळाला अजिबात देऊ नये, कुणाला माहीत नसेल म्हणून लिहिते.

सातवा_मजला
घराजवळ कबुतरं आहेत का? माझ्या वडिलांचा खोकला वर्षभर जात नव्हता, शेवटी छातीच्या डॉक्टरांनी बाल्कनीतली कबुतरं विचारली. त्यांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसाला सूज येते. मुंबईत २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद केला तो याच कारणाने.

पाणवठा
बंद करून काय झालं? पक्ष्यांनी जायचं कुठे? शहरातली धूळ, बांधकामं, गाड्यांचा धूर यांच्याबद्दल कुणी बोलत नाही, मुक्या जिवांवर मात्र सगळे तुटून पडतात.

सातवा_मजला
वडिलांना ऑक्सिजन लावावा लागला आहे आमच्याकडे. मी मुक्या जिवांवर तुटून पडत नाही, जाळी लावा एवढंच म्हणतेय.

जुईचा_वेल
कबुतरांचा वेगळा धागा काढा ना, खरंच काढा, मीही लिहीन. इथे एक बाई रात्रभर बसून आहेत.

मीठभाकर, आईचं वय अजून सांगितलं नाहीत. आणि रोजच्या गोळ्या कोणत्या?

मीठभाकर
६३. गोळ्या नेहमीच्याच, बीपीची आणि सांध्यांची. आणि कबुतरं नाहीत, द्राक्षबाग आहे.

वरणफळ
नेहमीच्या म्हणजे कोणत्या? पाकिटावरचं बारीक अक्षरातलं नाव लिहा. माझं औषधांचं दुकान आहे, म्हणून विचारतोय.

टेकडीवरून
तोपर्यंत आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक द्या. मी ट्रेकवर पडून बरगडी मोडून घेतली होती, पॅरासिटामॉलने ढिम्म फरक पडला नव्हता. दुखणं थांबलं तरच माणूस नीट श्वास घेईल.

वरणफळ
गोळ्यांची नावं कळेपर्यंत हे करू नका, कळकळीची विनंती. बीपीच्या काही गोळ्यांबरोबर ही वेदनाशामकं मूत्रपिंडावर ताण आणतात, बीपीही वाढवतात.

मीठभाकर
फोन करून विचारलं. रॅमिप्रिल ५, ही दिवाळीनंतर बदलून दिली, आधी वेगळी होती. सांध्यांसाठी प्रेडनिसोलोन, आमवात आहे तिला, ती गोळी बरीच वर्षं चालू आहे. त्याचा बरगडीशी काय संबंध?

वरणफळ
दोन्हींचा संबंध आहे!

रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' येतं त्यांनी काही जणांना कोरडा, घशात खाजवल्यासारखा खोकला येतो. लगेच येतो असंही नाही, काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीसुद्धा सुरू होतो. त्याच्यावर कुठलंही कफ सिरप चालत नाही, गोळी बदलावी लागते. 'सार्टन'वाल्या गोळ्या, टेल्मिसार्टन वगैरे, त्यांनी तो सहसा येत नाही. बदलल्यावर खोकला बहुतेकांचा एक ते चार आठवड्यांत जातो. पण स्वतःच्या मनाने बंद करू नका, बीपी उसळेल. ज्यांनी दिली त्यांनाच विचारा की खोकला या गोळीचा असेल का.

आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आहे. वर्षानुवर्षं घेतलं की हाडं विरळ होतात, त्यात बाईचं वय पाळी गेल्यानंतरचं. आमवातानेही हाडं कमजोर होतातच. खोकल्याने बरगडीला चीर जाते ती बहुधा अशाच माणसांना. तीही गोळी एकदम थांबवायची नसते, अंगात त्राण राहत नाही, जिवावर बेतू शकतं. आणि स्टेरॉइडवर डायक्लोफिनॅक म्हणजे पोटात अल्सरला आमंत्रण. टेकडीवरून, तुमचं वय आणि त्यांचं वय एक नाही.

टेकडीवरून
हे मान्य. पण मग दुखण्यावर काय? पॅरासिटामॉलवर किती दिवस काढणार?

हलका_दिवा
पॅरासिटामॉल लागेल तेव्हा न देता वेळेवर द्यायची. ५०० ची एक किंवा ६५० ची एक, दर सहा तासांनी. सर्दी-खोकल्याच्या मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, ती धरून दिवसाचा हिशेब ठेवायचा. यकृताचा आजार असेल तर आधी विचारायचं. कमी पडली तर डॉक्टर दुसरं काही देतील.

बाकी, घरात करण्यासारखं पुष्कळ आहे. घट्ट उशी किंवा घडी घातलेली चादर दुखऱ्या बाजूला धरायची आणि खोकला आला की हाताने दाबून धरायची. पट्ट्यासारखं दिवसभर नाही, फक्त खोकल्यापुरतं. शिंक, हसू, उठणं, सगळ्याला हेच. खोकताना पुढे थोडं वाकायचं. जोरात ठसकण्याऐवजी तोंड उघडून 'हा' असा लांब फुंकर टाकल्यासारखा श्वास सोडायचा, काचेवर वाफ धरतो तसा. झोपताना पाठीला दोन-तीन उशा लावून अर्धवट बसतं ठेवायचं. अंथरुणातून सरळ उठायचं नाही, आधी न दुखणाऱ्या कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताने रेटा देऊन उठायचं.

आणि दुखलं तरी जागेपणी तासातासाला आठ-दहा खोल श्वास. हे चुकवू नका.

दूरदेशी
मी न्यू जर्सीत आहे, मला न्यूमोनियानंतर श्वासाचं यंत्र दिलं होतं, तळहाताएवढं. आपल्याकडे तीन रंगीत चेंडूंचं मिळतं. श्वास आत ओढला की चेंडू वर जातात. आईंना त्यात गंमत वाटेल आणि श्वासही होतील.

कृष्णाकाठ
म्हणजे आमचं तेल पण बंद करायचं का?

हलका_दिवा
नाही हो, तेल आजूबाजूच्या आखडलेल्या स्नायूंना लावा, बरंच वाटेल. पहिले दोन दिवस बर्फ कापडात गुंडाळून, नंतर कोमट शेक. फक्त जिथे बोट ठेवल्यावर ओरडतात तिथे रगडायचं नाही आणि गरम पानाने चटका बसू द्यायचा नाही, स्टेरॉइडवाल्यांची कातडी नाजूक असते.

कृष्णाकाठ
हे पटलं. पट्ट्याबद्दल माझं मत तेच आहे, पण ताईंच्या आईला स्टेरॉइड चालू आहे हे मला माहीत नव्हतं. त्यांना नका बांधू.

माळरान
दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे थुंकी तपासायचीच. बेडका कुणी विचारला का तुम्हाला? स्टेरॉइडवर असलेल्या माणसाला टीबी पटकन होतो.

मीठभाकर
आमच्या घरात टीबी कुणालाही नाही. वजन तेवढं जरा कमी झालंय, पण जेवणच जात नाही तिला. उगाच घाबरवू नका.

माळरान
ताई, घाबरवत नाही. मी क्षयरोग कार्यक्रमात गावोगाव फिरतो. घरात असावाच लागतो असं काही नाही, बाजारात, एसटीत, कुठेही लागतो. तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट आहे, निघाला तर औषधंही फुकट आणि पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यावर येतात. कफ पडत नसेल तर तेही सांगा, काढायची पद्धत शिकवतात. नसला तर एक चिंता मिटली. वजन कमी झालंय म्हणता, हे तिथे सांगा.

जुईचा_वेल
आणि शनिवारची वाट न बघता न्यायची लक्षणंही इथे लिहून ठेवूया: धाप वाढणं, थुंकीत रक्त, थंडी वाजून ताप, ओठ निळसर, चक्कर, एकाच पोटरीला सूज, छातीवर दडपण येऊन हात-जबड्यात कळ. यातलं काही झालं तर धाग्यावर येऊ नका, १०८ लावा.

मीठभाकर
आज भाऊ आईला घेऊन आधीच्याच फिजिशियनकडे गेला. रॅमिप्रिल थांबवून टेल्मिसार्टन दिली, आठवड्याने बीपी बघायचंय. बरगडीला चीर असणार म्हणाले, पुन्हा एक्स-रेची घाई नाही, उपचार तेच राहतात, सहा आठवडे तरी लागतील. फुप्फुसात हवा दोन्हीकडे नीट जातेय. थुंकी आरोग्य केंद्रात दिली, रिपोर्ट यायचाय. हाडांच्या घनतेची तपासणी सांगलीला करायला सांगितली आहे. इतकी वर्षं स्टेरॉइड चालू आहे आणि हे कुणीच कसं सांगितलं नाही, याचा मला फार राग आलाय. काल उशी धरून तीन-चार तास सलग झोपली.

आता एसटीचं बोला. ती हट्टाला पेटली आहे.

टेकडीवरून
हळद सोडा, लग्नाला न्या, दोन दिवस जास्त मिळतील. एसटीनेच यायचं असेल तर मागची सीट नको, चाकावरची नको. मधली खिडकीची, दुखरी बाजू खिडकीकडे नको, कारण धक्क्याला पत्र्यावर आदळते. उशी मांडीवर. बॅग दुसऱ्याने उचलायची.

हलका_दिवा
आणि गर्दीत मास्क, थुंकीचा रिपोर्ट येईपर्यंत तरी. माझ्या मते तो येईपर्यंत प्रवासच नको. मांडवात लहान मुलं असतील.

मीठभाकर
बरोबर आहे. हळद रद्द, लग्नाचं रिपोर्टवर ठरवू. आईला मीच सांगते. डॉक्टरांनी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलंय, ते सकाळच्या गोळ्यांबरोबर एकदमच दिलं तर चालेल ना?

वरणफळ
बीपीच्या गोळीबरोबर चालेल, जेवणानंतर द्या. थायरॉइडची गोळी नाही ना?

मीठभाकर
आहे की. ती सकाळी उपाशीपोटी, नेहमीचीच.

वरणफळ
मग कॅल्शियम सकाळी नको. दोन्हींत किमान चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. दुपारच्या जेवणानंतर द्या, आणि डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या.